दहा मिनिटांवरचा नाताळ

"गाडीनं दहा मिनिटं, आणि सणाच्या दिवशी आईला भेटायला जाता येत नाही?"

मावशीचा हात कढईवरच थांबला. तीळ तडतडायला लागले होते. मी गॅस बारीक केला.

आम्ही युटामधल्या ओरेमला राहतो. प्रोव्हो शहर ओरेमला लागूनच आहे, इतकं की एक गाव कुठं संपलं आणि दुसरं कुठं सुरू झालं ते पाटी वाचल्याशिवाय कळत नाही. प्रोव्होत ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या शेजारी, डोंगराच्या पायथ्याशी, मिशनरी प्रशिक्षण केंद्र आहे. 'चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' हे या पंथाचं पूर्ण नाव, पण लोक मॉर्मन म्हणतात. जगभर पाठवायच्या तरुण मुलामुलींना १९७६ पासून या जागी शिकवतात. पन्नासहून जास्त भाषा इथं शिकवल्या जातात. ज्यांना इंग्रजीतच काम करायचं ती मुलं दोन-तीन आठवड्यांत बाहेर पडतात, परकी भाषा शिकणारी सहा ते नऊ आठवडे राहतात. शेजारणीचा धाकटा मुलगा अठरा वर्षांचा आहे. ब्राझीलला जायचं म्हणून पोर्तुगीज शिकतोय. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आत गेला, जानेवारीच्या मध्याला निघेल. नाताळ आतच.

त्या दिवशी सकाळी शेजारीण आल्या होत्या. मावशीनं सवयीनं चहाचं आधण ठेवलं, पण त्यांच्या धर्मात चहा-कॉफी चालत नाही, म्हणून त्यांनी नुसतं गरम दूध घेतलं. त्यांना मुलाला नाताळचा खोका पाठवायचा होता. प्रोव्होत अशी दुकानं आहेत, ती त्याच दिवशी खोका आत पोचवतात. त्यांनी पत्त्याचं लेबल मला दाखवलं. मुलाच्या नावाआधी पहिल्यांदाच 'एल्डर' लिहिलं होतं. एल्डर म्हणजे वडीलधारा. ते लेबल त्यांनी तीनदा सरळ केलं, अंगठ्यानं कडा दाबल्या, मग पर्समध्ये ठेवलं आणि पुन्हा काढून पाहिलं. त्या गेल्यावर मावशी बराच वेळ बोलली नाही. संध्याकाळी म्हणाली, "त्या खोक्यात आपलेही तिळगुळाचे लाडू जाऊ दे. संक्रांत काही फार लांब नाही." म्हणून आम्ही तीळ भाजायला घेतले होते.

मावशी बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिक्षिका होती. मुलांच्या बाबतीत तिचं मत ऐकून घ्यावं लागतं.

"नियम सगळ्यांना सारखा आहे गं मावशी," मी म्हटलं. "घर दहा मिनिटांवर असो की दहा हजार मैलांवर, आत गेलं की गेलं. मुलग्यांना दोन वर्षं, मुलींना दीड. आईवडील फाटकापाशी गाडी थांबवतात, मिठ्या मारतात, आधीच आत असलेला एखादा मुलगा येऊन बॅगा उचलतो आणि आत घेऊन जातो. पाच-सात मिनिटांत सगळं आटपतं. फार वेळ रेंगाळलं तर जास्त त्रास होतो, असं त्यांना वाटतं."

"रेंगाळलं तर त्रास होतोच. म्हणून रेंगाळूच द्यायचं नाही का?"

"पण त्याला एकटं टाकत नाहीत. प्रत्येकाला एक सोबती असतो. कायम दोघं. सकाळी साडेसहाला उठायचं, रात्री साडेदहाला दिवा बंद. नाताळच्या दिवशी रोजचे वर्ग बाजूला ठेवतात. चर्चच्या सगळ्यांत वरच्या मंडळींपैकी कुणीतरी बोलायला येतं. २०११ साली डेव्हिड बेडनार नावाचे प्रेषित नाताळच्याच दिवशी इथं बोलले होते. शेकडो मुलं एकदम गातात. थँक्सगिव्हिंगला गरजूंसाठी जेवणाची पाकिटं भरतात. घरात लोळत पडण्यापेक्षा आयुष्यभर लक्षात राहील असा सण तो. मी इथं अकरा वर्षं आहे मावशी. परत आलेल्या किती मुलांकडून ऐकलंय की तो नाताळ विसरता येत नाही."

"विसरता येत नाही म्हणजे चांगला गेला असं नाही," मावशी म्हणाली. "माझ्या पोरांनाही विसरता येत नाही."

तिची पोरं म्हणजे ऊसतोड कामगारांची. दसरा झाला की गावातल्या जोड्या मुकादमाची उचल घेऊन कारखान्यांकडे निघतात. एका जोडीला कोयता म्हणतात, म्हणजे नवरा-बायकोची मोजदादसुद्धा हत्यारानं. शाळा बुडू नये म्हणून मुलांना गावातच हंगामी वसतिगृहात ठेवायचं. आईबाप फडात, कोपी घालून राहतात, आणि संक्रांतीला मुलं शाळेत.

"सण म्हणजे घरात माणसं असणं," मावशी म्हणाली. "बाकी सगळं नंतर. आमच्या लेकरांना आईबापाला सोडून राहावं लागतं ते पोटासाठी. इथं घर आहे, भरलेलं आहे, आई दारात उभी आहे, आणि तरी लेकराला सणात आत बसवायचं. हे मला पटत नाही."

"तोच तर फरक आहे. तुझ्या मुलांना कुणी विचारलं नव्हतं. या मुलानं स्वतः अर्ज केला. खर्चाचा भारसुद्धा त्याचा आणि घरच्यांचा. स्वतःहून सोडलेल्या सणाला मोल असतं. वारकरी आषाढीला घर सोडतो, त्याला आपण क्रूर म्हणत नाही."

"वारकऱ्याच्या सोबत त्याची बायको असते, आई असते. आणि महिन्याभरात तो घरी येतो."

मी गूळ किसायला घेतला. इथल्या भारतीय दुकानात चिक्कीचा गूळ मिळतो, पण तो दगडासारखा. बोलता बोलता मी तिला या पंथाचा जुना इतिहास सांगितला. १८३९ च्या सप्टेंबरमध्ये ब्रिगहॅम यंग आणि हीबर किंबॉल इंग्लंडला प्रचाराला निघाले तेव्हा दोघंही तापानं फणफणलेले होते. यंगच्या बायकोला बाळंत होऊन जेमतेम दहा दिवस झाले होते. घरात सगळेच आजारी. किंबॉलला घरच्यांना अशा अवस्थेत सोडून जाववेना, पण दोघंही गाडीत उभे राहिले आणि घरच्यांना ऐकू जावं म्हणून त्यांनी मोठ्यानं जयजयकार केला. ही गोष्ट इथं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. या पंथाचे प्रचारक आपल्याकडेही आले होते. ह्यू फिंडले नावाचा एक जण १८५० च्या दशकात मुंबईत आणि पुण्यात होता. घर सोडणं या लोकांच्या रक्तात आहे, असं मला म्हणायचं होतं.

मावशीनं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि ती बायको?"

"कोण?"

"दहा दिवसांची बाळंतीण. तिनं काय जयजयकार केला, ते सांगतात का?"

ती गोष्ट अशी आहे की दोघांच्या बायकाही दारापर्यंत आल्या आणि त्यांनीही निरोप दिला. मी ते सांगितलं. मावशीचं समाधान झालं नाही.

"निघणाऱ्याची गोष्ट लिहिली जाते. मागं राहिलेल्या बाईला स्वतः लिहावं लागतं. म्हणून मी मुलांना लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' शिकवताना सांगायचे, बघा, त्यांच्या नवऱ्यानं, टिळकांनी, १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, ते त्यांच्या श्रद्धेनं गेले, त्यांचं बरोबरच असेल. पण लक्ष्मीबाईंनी मधली वर्षं कशी काढली ते लक्ष्मीबाईंनीच सांगितलं, म्हणून आपल्याला कळलं. त्यांनी लिहिलं नसतं तर आपण फक्त टिळकांचं धैर्य सांगत बसलो असतो. या शेजारणीचं कोण लिहिणार?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर तोवर मी या प्रथेकडे निघणाऱ्या मुलाच्याच बाजूनं पाहत होते. मला तिचं कौतुक वाटतं, आजही वाटतं. अठराव्या वर्षी जगाच्या दुसऱ्या टोकाची भाषा शिकायची, अनोळखी दारं ठोठावायची, शंभर वेळा नकार ऐकायचा, हे साधं काम नाही. पोर्तुगीजचं नाव निघालं की मला गोव्यातले फादर स्टीफन्स आठवतात. १५७९ साली तो इंग्रज तरुण लिस्बनहून गलबतानं गोव्यात उतरला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यानं लंडनमधल्या वडिलांना प्रवासाची हकिगत लिहून पाठवली. तो पुन्हा घरी गेला नाही. पण आपली भाषा इतकी शिकला की तिच्यात 'ख्रिस्तपुराण' रचलं. घर सोडल्यावर माणूस दुसऱ्याच्या भाषेत घर बांधू शकतो, याचा याहून मोठा पुरावा मराठी माणसाला नको. हे मी मावशीला म्हटलंही.

"स्टीफन्सनं वडिलांना पत्र लिहिलं ना?" मावशी म्हणाली. "पोचल्या पोचल्या. बघ, पहिलं काम तेच केलं."

तिनं पाण्याच्या वाटीत पाकाचा थेंब टाकला. तो पसरला. अजून वेळ होता.

"आता तरी फोन करतात," मी सांगितलं. "पूर्वी वर्षातून दोनदाच घरी फोन करायची मुभा होती. नाताळला आणि मातृदिनाला. बाकी आठवड्याला एक ई-मेल. २०१९ च्या फेब्रुवारीत चर्चनं नियम बदलला. आता दर आठवड्याला सुट्टीच्या दिवशी घरी फोन करता येतो, व्हिडिओवरसुद्धा. नाताळला तर येणारच."

"हे चांगलं केलं." मावशी पहिल्यांदाच मोकळेपणानं बोलली. "हे फार चांगलं केलं. मग त्यानं मुलं बिघडली का? काम सोडून घरी पळाली का?"

"प्रचार तर पूर्वीसारखाच चालू आहे."

"मग आधी इतकी वर्षं कशासाठी तोडून ठेवलं होतं? आमच्याकडे वसतिगृहात मुकादमाच्या फोनवर आईचा आवाज ऐकवायचे मी. लेकरू रडायचं, मग पोटभर जेवायचं. न ऐकवलं तर रडायचं नाही, पण जेवायचंही नाही. रडणं दिसलं की मोठ्यांना वाटतं फोननं त्रास झाला. त्रास आधीपासून असतो. फोननं तो बाहेर येतो एवढंच."

मला आठवलं, शेजारीण सांगत होत्या की पहिला आठवडा मुलानं घरीच काढला. २०२० सालच्या साथीत सगळं प्रशिक्षण ऑनलाइन झालं, तेव्हापासून सुरुवातीचे काही दिवस घरून शिकायची पद्धत राहिली आहे. तो आपल्या खोलीत पांढरा शर्ट आणि टाय लावून लॅपटॉपसमोर बसायचा. कमरेखाली पायजमा. आई दाराशी जेवणाचं ताट ठेवायची आणि आतून येणारे पोर्तुगीज शब्द ऐकत उभी राहायची. कळत काहीच नव्हतं. तरी तो आठवडा आपल्याला मिळाला म्हणून त्या देवाचे आभार मानत होत्या.

"आता मला एक सांग," मावशी म्हणाली. "तू म्हणालीस त्यानं स्वतः अर्ज केला. या गल्लीतली किती मुलं जातात?"

"बहुतेक."

"न गेलेल्याला काय म्हणतात?"

मी थांबले. इथं राहणाऱ्याला हे माहीत असतं. चर्चचं म्हणणं स्पष्ट आहे: प्रत्येक सक्षम तरुणानं मिशनवर जावं, मुलींनी हवं तर जावं. २०१२ साली वयाची अट मुलांसाठी एकोणीसवरून अठरा आणि मुलींसाठी एकवीसवरून एकोणीस केली, तेव्हापासून शाळा संपली की लगेच जायचं असा रिवाजच पडला. न गेलेल्या मुलाला कुणी तोंडावर बोलत नाही. पण लग्नाच्या गोष्टी निघाल्या की पहिला प्रश्न तोच असतो. आणि जाऊन मध्येच परत आलेल्याचं तर आणखी अवघड. आमच्याच ओळखीतला एक मुलगा चार महिन्यांत परत आला होता. त्याला आत झोप लागत नव्हती, हात थरथरायचे. त्याच्या आईनं वर्षभर रविवारच्या प्रार्थनेला मागच्या बाकावर बसून घालवलं. कुणी वाईट वागलं नाही. सगळे फक्त फार हळू आवाजात बोलायचे.

"मग ही निवड आहे की ओढा आहे?" मावशीनं विचारलं. "ओढ्यात पडलेलंही पोहतंच की. पण काठ कुठं आहे ते त्याला दाखवलेलं असावं."

इथं माझं मत बदललं, आणि ते मी इथं सरळ लिहिते. सण घराबाहेर काढल्यानं मुलाचं काही बिघडत नाही. परतीची वाट लाजेची करून ठेवली, तर बिघडतं. ज्या मुलाला माहीत आहे की आज रात्रीसुद्धा घरी जाता येईल आणि आई आधी वाढेल, मग विचारेल, तो मुलगा नाताळ आत काढतो तेव्हा ती खरी निवड असते. ज्याला ते माहीत नाही, तो नुसता थांबलेला असतो. आता चर्चनं घरी राहून करायच्या सेवेचाही मार्ग ठेवला आहे, परत आलेल्यांनाही तो मिळतो. चांगलं आहे. पण हे फाटकापाशी बॅग उचलण्याआधी, आईसमोर, मोठ्यानं सांगितलं गेलं पाहिजे.

मावशीला मी हे सांगितलं तेव्हा तिनं मान हलवली, पण तिचं मन अजून त्या दहा मिनिटांतच होतं. "ते ठीक. पण नाताळला एक तास भेटू द्यायला काय हरकत आहे? आई इथंच तर राहते."

मग मी तिला शेजारणीनं सांगितलेली एक गोष्ट सांगितली. मुलाच्या वर्गात बाराजण आहेत. कुणी आयडाहोचा, कुणी ॲरिझोनाचा, एक मुलगी पार अलास्काची. आणि एक मुलगा असा की त्यानं एकट्यानंच हा धर्म घेतला, घरच्यांना ते मुळीच मान्य नाही. त्याला कुणी फाटकापर्यंत सोडायला आलं नाही. नाताळला फोन केला तर पलीकडून कुणी उचलेल की नाही, त्याला माहीत नाही.

"इथल्या आया नाताळला भेटायला आल्या," मी म्हटलं, "तर तो मुलगा कुठं जाऊन बसेल?"

मावशी पाकाकडे बघत राहिली. बराच वेळ. पुन्हा थेंब टाकला. या वेळी त्याची घट्ट गोळी झाली आणि वाटीच्या तळाशी टणकन वाजली. तिनं तीळ आणि खोबरं ओतलं, भराभर ढवळलं. मग हाताला तूप लावता लावता बोलू लागली.

"एका संक्रांतीला एका पोरीची आजी आली होती. दोन गावं चालत. डब्यात तिळगूळ. वसतिगृहाच्या ओट्यावर बसून तिनं नातीला जवळ घेतलं. बाकीची चाळीस लेकरं खांबाला टेकून बघत उभी. मला वाटलं, आजीला आत घेऊन जावं, दार लावावं, म्हणजे बाकीच्यांना दिसणार नाही. मी उठलेच होते. तेवढ्यात म्हातारीनं सगळ्यांकडे पाहिलं. तिनं डबा उघडला, एकेक लाडू मोडून अर्धा केला, काहींचे चार तुकडे केले, आणि सगळ्यांना हाक मारली. नातीला सगळ्यांत शेवटी दिलं. नात रुसली नाही. ती आजीच्या शेजारी उभी राहून वाटायला लागली." मावशीनं पहिला लाडू वळला. "येणाऱ्याला दारात अडवायचं नसतं गं. येणाऱ्यानं सगळ्यांचं होऊन यावं, एवढं सांगायचं असतं. त्या शेजारणीला एक तास आत जाऊ दे, पण बाराही जणांची आई होऊन जाऊ दे. मग तो मुलगा कुठंही जाऊन बसणार नाही."

याचा नियम कसा करायचा, हजारो मुलांच्या केंद्रात ते कसं जमवायचं, हे मी विचारलं नाही. जमवता येईल असं मला वाटतं. प्रोव्हो आणि ओरेममध्ये अशी घरं काही कमी नाहीत, आणि सणाच्या दिवशी बाराजणांना पुरेल इतकं जेवण करायची तयारी या गल्लीतल्या प्रत्येक बाईची आहे.

पाक आळायला लागला होता. गरम असतानाच वळावे लागतात, नाहीतर नुसता भुगा होतो. आमच्या दोघींचेही तळवे लाल झाले. बोलणं थांबलं. मावशीनं विचारलं फक्त, "शिक्षक किती आहेत?"

"दोन."

शेंगदाण्याची इथं पुष्कळांना ॲलर्जी असते, म्हणून कूट घातलं नव्हतं. मी चिठ्ठीवर तीळ, गूळ, खोबरं आणि तूप असं लिहिलं. खाली लिहिलं की हे बाराही जणांसाठी आणि दोन शिक्षकांसाठी आहे, प्रत्येकी दोन. मावशीनं मोजले. एकतीस लाडू झाले होते. अठ्ठावीस डब्यात भरले. उरलेले तीन वाटीत घेऊन ती शेजारी गेली.